विमानप्रवासासाठी कॅमेऱ्याची सॅक कशी निवडावी: कोकणातल्या नवख्या छायाचित्रकारांसाठी

कॅमेऱ्याची सॅक घ्यायला गेलेला नवखा छायाचित्रकार दुकानदाराला आधी विचारतो की सॅक किती लिटरची आहे, आणि मग विचारतो की किंमत काय. विमानाने जायचे असेल, तर या दोन्ही प्रश्नांच्या आधी रिकाम्या सॅकचे वजन विचारावे. देशांतर्गत विमानात इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशाला साधारणपणे ७ किलोपर्यंतची एकच बॅग हातसामान म्हणून नेता येते. सॅकच पावणेतीन किलोची असेल, तर कॅमेरा आत जाण्यापूर्वीच मर्यादेचा मोठा भाग फोम, पट्टे आणि बकलांवर खर्ची पडतो. ट्रेकिंगसाठी किंवा गाडीने फिरण्यासाठी उत्तम असलेल्या कित्येक सॅक विमानासाठी गैरसोयीच्या ठरतात त्या याच कारणाने.

कोकणात हा हिशेब तसा नवा आहे. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोप्याहून प्रवासी विमाने उडू लागली, आणि डिसेंबर २०२५ पासून रायगडकरांना नवी मुंबई विमानतळ हाताशी आला. रत्नागिरी-चिपळूणच्या माणसाला मात्र अजून मुंबई, गोवा किंवा आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते. लग्नाचे शूटिंग घेऊन बाहेर जाणारा असो, पक्ष्यांच्या मागे फिरणारा असो, किंवा आखातातून सुट्टीला येताना पहिला चांगला कॅमेरा घेऊन येणारा असो, सॅक निवडण्याची कामे खाली दिलेल्या क्रमानेच करावीत. क्रम उलटा झाला की आधी सॅक घेतली जाते आणि मग तिच्यात बसेल तेवढे सामान नेण्याची पाळी येते.

आधी काटा

घरातले जे सामान विमानात न्यायचे आहे, ते सगळे टेबलावर मांडा आणि एकेक वस्तू काट्यावर घाला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. उत्पादकाने दिलेले वजन पाहण्यापेक्षा स्वतः तोललेले बरे, कारण लेन्सच्या माहितीपत्रकात बहुधा हूड, झाकणे आणि ट्रायपॉडची कडी यांचे वजन धरलेले नसते.

पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्याचे सामान उदाहरणादाखल घेऊ. सोनी ए७ फोर ही बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बॅटरी आणि कार्डासह ६५८ ग्रॅम भरते. २४-१०५ मिमीची लेन्स ६६३ ग्रॅम आणि २००-६०० मिमीची लेन्स कडीशिवाय २,११५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३ किलो ४४० ग्रॅम येथेच झाले. दोन जादा बॅटऱ्या, चार्जर, केबली, कार्डे, ब्लोअर आणि पुसायचे कापड यांचे साडेपाचशे-सहाशे ग्रॅम धरले की आकडा ४ किलोवर जातो. त्यात वीस हजार एमएएचची पॉवर बँक घातली की तो साधारण ४ किलो ३५० ग्रॅम होतो. आता सॅक २ किलो ७०० ग्रॅमची असेल, तर एकूण वजन ७ किलोच्या थोडे वर जाते आणि अजून लॅपटॉप, पाण्याची बाटली, टॉवेल यांतले काहीच आत गेलेले नाही. तेच सामान दीड किलोच्या सॅकमध्ये घातले, तर १ किलो १५० ग्रॅमच्या आसपास जागा उरते. ब्रँड कोणता, रंग कोणता, या चर्चेपेक्षा हा १ किलो २०० ग्रॅमचा फरक कितीतरी महत्त्वाचा आहे.

यावरून एक ठोकताळा धरता येतो. सामानाचे वजन ७ किलोंतून वजा करावे, अर्धा किलो हाताशी राखून ठेवावा, आणि जे उरेल त्याहून जड सॅक दुकानात कितीही आवडली तरी घेऊ नये. मिररलेस बॉडी आणि दोन छोट्या लेन्स एवढेच सामान असणाऱ्याला दोन किलोची सॅकही चालेल. मोठी टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ आणणारी लेन्स, बाळगणाऱ्याने मात्र दीड-पावणेदोन किलोच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे.

लॅपटॉपचा प्रश्न वेगळा सोडवता येतो. इंडिगोच्या नियमांत ७ किलोच्या हातसामानाखेरीज ३ किलोपर्यंतची लॅपटॉप बॅग किंवा पर्स नेता येते. लॅपटॉप, चार्जर आणि कागदपत्रे त्या वेगळ्या पातळ बॅगेत गेली की कॅमेऱ्याच्या सॅकवरचा भार उतरतो, आणि सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा हवाच हा हट्टही संपतो. प्रत्येक कंपनीचा नियम सारखा नसतो, म्हणून तिकीट काढताना त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा हातसामानाचा भाग वाचून घ्यावा.

वजन जास्त भरले तर कॅमेरा गळ्यात आणि लेन्स जाकिटाच्या खिशात घालायची, ही युक्ती जुनी आहे आणि पुष्कळदा चालतेही. पण सॅक निवडतानाच तिच्या भरवशावर राहणे योग्य नाही, कारण शेवटी ते काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून असते.

मग टेप

वजनानंतर माप घ्यावे. लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत असावी, ही आपल्याकडची सर्वसाधारण अट आहे. इंडिगोचे माप ५५ बाय ३५ बाय २५ असे आहे. ही बेरीज सॅकच्या बाहेरून मोजलेली असते, आणि तीसुद्धा भरलेल्या सॅकची. लेबलवर छापलेला लिटरचा आकडा आतल्या पोकळीचा असतो. त्यात कोणी बाहेरचे खिसे धरतो, कोणी धरत नाही. शिवाय पुढच्या खिशात रेनकोट कोंबला की २० सेंटिमीटरची जाडी सहज २६ होते. म्हणून दुकानात मोजायची ती भरलेली सॅक.

आपल्याकडच्या प्रवाशाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिपीला उतरणारी विमाने ही बहुतांशी एटीआर जातीची, पंख्याची लहान विमाने आहेत. त्यांच्यातला डोक्यावरचा कप्पा एअरबस किंवा बोइंगच्या मानाने बराच उथळ असतो. मोठ्या विमानात चालणारी चाकांची कडक बॅग येथे वर बसत नाही, आणि ती विमानाच्या दाराशीच घेऊन मागच्या सामानाच्या जागेत ठेवली जाते. ती नियमात बसणारी असली तरी हे घडते, त्यात वाद घालण्यासारखे काही नसते. त्यामुळे चिपीहून जाणाऱ्याने मऊ कापडाची, वीस सेंटिमीटरच्या आसपास जाडीची, वेळ पडली तर समोरच्या आसनाखाली सरकवता येईल अशी सॅक घ्यावी. मोप्याहून किंवा मुंबईहून थेट मोठ्या विमानाने जाणाऱ्याला जाडीची एवढी काळजी करण्याचे कारण नाही. पण पुढे जोडविमान असेल, तर त्या दुसऱ्या टप्प्याला कोणते विमान आहे, ते तिकिटावर पाहून ठेवावे.

आतले मापही पाहावे लागते, पण तेथे एकच गोष्ट निर्णायक असते: सर्वांत मोठी लेन्स बॉडीला लावून ठेवायची की सुटी. वर सांगितलेली २००-६०० ची लेन्स ३२ सेंटिमीटर लांब आहे, त्यात बॉडीची जाडी मिळवली की आतली उंची ४० सेंटिमीटरच्या पुढे लागते. लेन्स सुटी नेण्याची तयारी असेल, तर ३४-३५ सेंटिमीटर आतली उंची पुरते आणि सॅक पुष्कळ आटोपशीर होते. विमानप्रवासात सुटी नेणेच शहाणपणाचे आहे, कारण धक्का बसला तर जोडलेल्या जड लेन्सचा सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या कड्यावर, येतो.

सॅक उघडते कोठून

तपासणीच्या रांगेत लॅपटॉप, कॅमेरा, चार्जर आणि पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. काही ठिकाणी लेन्सही वेगळ्या काढायला लावतात. मागे रांग उभी असते, पट्टा चालू असतो, आणि अशा वेळी वरून लहान तोंड असलेल्या सॅकमधून एकेक वस्तू उपसत बसणे त्रासाचे असते. संपूर्ण पाठ किंवा संपूर्ण पुढची बाजू पुस्तकासारखी उघडणारी सॅक येथे फार सोयीची पडते. सगळे सामान एका नजरेत दिसते, आणि तपासणी करणाऱ्यालाही ते दिसत असल्यामुळे प्रश्न कमी विचारले जातात.

या दोन प्रकारांपैकी पाठीकडून, म्हणजे पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडणारी सॅक कोकणासाठी मला अधिक पसंत आहे. आंबोलीला पावसात बेडूक टिपायला बसलात, की सॅक चिखलातच ठेवावी लागते. पुढच्या बाजूने उघडणारी सॅक तेव्हा पाठीकडच्या अंगावर आडवी करावी लागते, आणि तोच चिखल मग सदऱ्याला येतो. पाठीकडून उघडणाऱ्या सॅकचे पुढचे अंग जमिनीवर टेकते, पट्टे आणि पाठ कोरडी राहते. रेल्वेच्या किंवा एसटीच्या गर्दीत पाठीमागून कोणी चेन उघडेल ही भीतीही त्यात राहत नाही. याला तोटा एवढाच की कॅमेरा झटकन काढायचा असेल, तर प्रत्येक वेळी सॅक उतरवावी लागते. ज्याला ते चालत नाही त्याने बाजूलाही एक लहान दार असलेली सॅक पाहावी.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना. फोमच्या कप्प्यांचा आतला डबा, ज्याला दुकानात क्यूब किंवा इन्सर्ट म्हणतात, तो सॅकमधून अख्खा बाहेर निघणारा असावा आणि त्याला स्वतःची चेन व उचलायला पट्टी असावी. एटीआरच्या दाराशी सॅक घेतली गेली, किंवा भरलेल्या विमानात डोक्यावर जागाच उरली नाही, तर हा डबा काढून समोरच्या आसनाखाली ठेवता येतो आणि उरलेली सॅक निर्धास्तपणे खाली पाठवता येते. ज्या सॅकमध्ये फोमच्या भिंती कापडालाच शिवून टाकलेल्या असतात, तिच्यात हा पर्याय नसतो. मग आयत्या वेळी लेन्स हातात, बॅटऱ्या खिशात आणि झाकणे भलतीकडेच, अशी धावपळ होते. सुट्या डब्याचा दुसराही लाभ आहे: गावात फिरताना डबा खोलीवर ठेवून तीच सॅक कपडे-खाऊसाठी वापरता येते, आणि तीच सॅक घरच्यांनाही उपयोगी पडते, जे खर्चाचे समर्थन करताना कामी येते.

डब्यातील कप्पे लावताना हापूसची पेटी आठवावी. एक फळ दुसऱ्याला लागता कामा नये आणि हलायलाही जागा राहता कामा नये. जड लेन्स पाठीच्या जवळ आणि उभ्या मापात मध्यावर ठेवावी, अगदी तळाशी नको. तळाशी ठेवली तर सॅक मागे ओढते आणि टेकवताना पहिला मार तिलाच बसतो.

बॅटऱ्यांचा कप्पा

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात ठेवता येत नाहीत, त्या हातसामानातच न्याव्या लागतात. याचे कारण असे की लिथियम बॅटरीत आतून शॉर्ट झाले तर ती आपोआप तापत जाऊन पेटते. हे प्रवाशांच्या कक्षात घडले तर आटोक्यात आणता येते, पण विमानाच्या पोटात कोणाच्या हाताशी नसताना घडले तर कठीण. म्हणूनच दाराशी सॅक घेतली जात असेल, तर तिच्यातल्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक काढून घेणे ही सोय नसून नियम आहे.

मर्यादा वॅट-तासांत मोजली जाते. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सामान्यतः चालते, १०० ते १६० च्या दरम्यानच्या सुट्या बॅटऱ्या कंपनीच्या परवानगीने आणि दोनच नेता येतात, आणि १६० च्या वरची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. बॅटरीवर आकडा छापलेला नसेल, तर व्होल्ट आणि एमएएच यांचा गुणाकार करून हजाराने भागावे. ७.२ व्होल्टची २,२८० एमएएच बॅटरी १६.४ वॅट-तासांची होते, म्हणजे कॅमेऱ्याच्या बॅटरीची चिंता नाही. वीस हजार एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तासांची होते, पण तीस हजारांची १११ होते आणि ती अडू शकते. व्हिडिओवाल्यांच्या मोठ्या व्ही-माउंट बॅटऱ्या ९५ किंवा ९८ वॅट-तासांच्या मिळतात, त्यामागे हीच मर्यादा आहे. छपाई पुसट झालेली पॉवर बँक घरी ठेवावी, कारण आकडा वाचता आला नाही तर ती काढून घेतली जाण्याची शक्यता असते.

सॅकच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बॅटऱ्यांसाठी वेगळी, सुटी निघणारी लहान पिशवी असावी आणि प्रत्येक बॅटरीच्या तोंडावर प्लास्टिकचे झाकण असावे. झाकण हरवले असेल, तर टोकांवर चिकटपट्टी लावली तरी चालते. पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता आपल्याजवळ ठेवावी. आखातात जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली आहे आणि १०० वॅट-तासांखालची एकच पॉवर बँक नेता येते. इतर कंपन्याही हे नियम कडक करीत आहेत.

कापड, चेन आणि खारी हवा

परदेशी परीक्षणांत सॅकच्या कापडाविषयी जे लिहिलेले असते, ते कोरड्या हवेत राहणाऱ्यांसाठी असते. आपल्याकडे वस्तू वापराने झिजण्याआधी दमटपणाने आणि मिठाने जातात. रेनकव्हरच्या आणि पुष्कळ सॅकच्या आतल्या अंगाला पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट हवेत या लेपाचे विघटन होत जाते. तो आधी बोटाला चिकट लागतो, मग त्याला आंबूस वास येतो, आणि शेवटी पांढरे पापुद्रे सुटून लेन्सवर बसतात. जुनी सॅक विकत घेत असाल, तर रेनकव्हर घडीतून पूर्ण उलगडून आतल्या बाजूवर अंगठा दाबून पाहा. अंगठा उचलताना कापड क्षणभर सोबत आले, तर ती सॅक कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

चेन नायलॉनच्या गुंडाळीची असावी, धातूच्या दातांची नको. किनाऱ्यावर धातूच्या दातांवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि सरकपट्टी अडकू लागते. नायलॉनच्या चेनचीही सरकपट्टी धातूचीच असते, म्हणून समुद्रावरून आल्यावर ती साध्या पाण्याने धुवावी. बकले प्लास्टिकची बरी. चुंबकाने बंद होणारी झाकणे दिसायला छान असतात, परंतु किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत लोहाचे कण असतात आणि ते चुंबकाला दाढीसारखे लटकतात. वेळासच्या किंवा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले टिपायला गुडघे टेकून बसणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

रेनकव्हर सॅकला दोरीने जोडलेले असावे. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात सुटे कव्हर उडून जाते. पावसाळ्यात त्याची गरज विमानतळावरच सुरू होते: एटीआरमध्ये मागच्या दाराच्या शिडीने चढावे लागते, आणि आषाढातल्या सरी बोर्डिंगच्या वेळा पाहून येत नाहीत. आतले अस्तर राखाडी किंवा फिकट रंगाचे निवडा, काळे नको. काळ्या अस्तरात काळी झाकणे दिसत नाहीत आणि बुरशीचा पहिला डागही लवकर ध्यानात येत नाही.

पाठ आणि पट्टे

याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. पाच-सहा किलोंसाठी जाडजूड कंबरपट्ट्याची गरज नसते. तो काढून ठेवता येणारा असला तर बरे, कारण विमानाच्या अरुंद वाटेत लोंबणारे पट्टे आसनांच्या हातांना अडकतात. छातीवरचा पट्टा मात्र हवा. राजपुरीहून जंजिऱ्याला जाताना हलत्या होडीतून किल्ल्याच्या पायऱ्यांवर पाऊल टाकावे लागते, तेव्हा दोन्ही हात मोकळे असावेत आणि सॅक एका बाजूला झुकू नये. होडी चालू असताना मात्र छातीचा आणि कंबरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाण्यात पडण्याचा प्रसंग आलाच तर सॅक झटकन टाकून देता येते.

दुकानात काय करावे

मोठी निवड पाहायची असेल, तर कोकणकन्या किंवा मांडवीने सीएसएमटीला उतरावे. समोरच्या फोर्ट भागात कॅमेऱ्याची दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. जाताना स्वतःचे सगळे सामान, एक टेप आणि बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा बरोबर न्यावा. दुकानदार काही म्हणत नाही, आणि म्हणालाच तर दुसरे दुकान शेजारीच असते.

आधी रिकामी सॅक फोमसकट आणि रेनकव्हरसकट तोलावी, कारण छापील वजन कधी कधी फोम काढून सांगितलेले असते. मग सामान भरून चेन बंद करावी, पुन्हा तोलावे, तिन्ही मापे घ्यावीत आणि बेरीज करावी. सॅक टेबलावर उभी करून हात सोडावा. भरलेली सॅक आपणहून उभी राहत नसेल, तर बोर्डिंगच्या रांगेत ती सारखी पडत राहणार. पाठीवर घेऊन दुकानातच दहा मिनिटे थांबावे, कारण पहिल्या मिनिटाला सगळ्याच सॅक सुखकर वाटतात. शेवटी आतला डबा बाहेर काढून पाहावा. हे काम अर्ध्या मिनिटात आणि सॅक पूर्ण रिकामी न करता जमले पाहिजे. ऑनलाइन घेणाऱ्याने हीच परीक्षा घरी करावी आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी करावी.

आदल्या रात्री आणि विमानतळावर

ट्रायपॉड, स्क्रू आवळायची पाने, चाकू असलेले बहुउपयोगी पक्कड हे सगळे चेक-इनच्या सामानात घालावे. लहान ट्रायपॉड काही ठिकाणी हातसामानात जाऊ देतात, काही ठिकाणी अडवतात, आणि अडवला तर पुन्हा काउंटरपर्यंत फेरा पडतो. ट्रायपॉडचे डोके काढून कपड्यांत गुंडाळले की बॅगेत आडवा बसतो. ट्रायपॉडच्या प्लेटचा पाना सॅकच्या खिशात विसरलेला असतो, तो आठवणीने काढावा.

कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवावेत आणि बिलाचे छायाचित्र जवळ असावे. परदेशी जाताना महागडे सामान भारतातूनच नेले आहे याचे प्रमाणपत्र निघण्याच्या विमानतळावरील सीमाशुल्क विभागाकडून घेता येते. परत येताना शुल्काचा प्रश्न निघाला तर ते उपयोगी पडते. त्यासाठी वस्तू दाखवाव्या लागतात, म्हणून सामान चेक-इन करण्यापूर्वीच हे काम उरकावे. फिल्म वापरणाऱ्यांनी ती पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी, विशेषतः सामानाचे त्रिमितीय चित्र घेणाऱ्या नव्या सीटी यंत्रांच्या ठिकाणी, कारण त्या यंत्रांत फिल्म धूसर होते.

तपासणीला पोहोचण्यापूर्वीच बॅटऱ्यांची पिशवी आणि पॉवर बँक वरच्या खिशात आणून ठेवावी, म्हणजे डब्याची चेन एकदाच उघडावी लागते. ट्रेमध्ये लेन्स आडवी ठेवावी, उभी नको. गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरून जाणाऱ्यांसाठी एक जादा सूचना: तो आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे, तेथे उतरताना किंवा उडताना खिडकीतून छायाचित्रे काढू नयेत, कॅमेरा सॅकमध्येच असू द्यावा.

उतरल्यावर

विमानातली हवा थंड आणि कोरडी असते, त्यामुळे दोन तासांनंतर लेन्सची काचही थंड झालेली असते. चिपीला किंवा मोप्याला दार उघडून बाहेर आलात आणि लगेच सॅक उघडलीत, तर बाहेरची दमट हवा त्या थंड काचेवर दव धरते, आणि ते दव पुसले तरी बॉडीच्या आत गेलेला ओलावा पुसता येत नाही. म्हणून सॅकची चेन निदान अर्धा तास बंद ठेवावी आणि सामानाला सॅकमध्येच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. हाच नियम एसी गाडीतून किनाऱ्यावर उतरताना आणि एसी खोलीतून पहाटे बाहेर पडतानाही लागू आहे. रात्री एसी लावून झोपणार असाल, तर सॅक बंद करून कपाटात ठेवावी.

परतीच्या प्रवासाआधी सॅक पुन्हा तोलावी. येताना काजू, कोकम आणि पाहुण्यांनी दिलेली आणखी काही पाकिटे तिच्यात शिरलेली असतात. कोकमाच्या आगळाची बाटली तर कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये ठेवूच नये. ती झिरपली तर आंबट, खारट पाणी थेट माउंटच्या धातूवर जाते.

घरी आल्यावर सामान बाहेर काढावे, फोमच्या भिंती वेल्क्रोपासून सोडवाव्यात, वाळू झटकावी, चेन आणि बकले गोड्या पाण्याने धुवून सॅक सावलीत उघडी टांगावी. फोम ओल धरून ठेवतो, म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांत कॅमेरा सॅकमध्ये ठेवण्याची सवय लावू नये. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारी ड्राय कॅबिनेट घेणे परवडत नसेल, तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्याने काम भागते. जेलचे रंगीत दाणे रंग बदलू लागले की तव्यावर मंद आचेवर गरम करून ते पुन्हा वापरता येतात.